उलट्या अक्षरांचा कॅमेरा

मागच्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी कपाटाची हरवलेली किल्ली नव्याने करून घेण्यासाठी मी बेळगावच्या शनिवार खुटाकडे गेले होते. किल्ली घासून होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून रस्त्याकडेला जुन्या वस्तू मांडून बसलेल्या एका विक्रेत्यापाशी थांबले. समया, रेडिओची बटणे, बंद पडलेली मनगटी घड्याळे आणि मिक्सरची भांडी यांच्या गर्दीत, तडे गेलेल्या तपकिरी चामड्याच्या पेटीत एक कॅमेरा होता. "चालू हाय का बंद, मला म्हाईत न्हाई अक्का, पर वजन बघा की," असे म्हणत त्याने तो माझ्या हातात दिला. वजन खरोखरच किलोच्या जवळपास असावे. त्याने दीड हजार सांगितले, मी सातशे म्हटले, आणि किल्लीवाल्याने हाक मारली तेव्हा आम्ही नऊशेवर येऊन थांबलो होतो.

फोटो काढण्याचा माझा काहीही विचार नव्हता. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्गाला भिंगांचा धडा शिकवताना भिंगापुढचे छिद्र लहान-मोठे होते म्हणजे नेमके काय होते, हे फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा हातात घेऊन दाखवता आले तर बरे, एवढाच हेतू होता. घरी आल्यावर पुढच्या भिंगाची कडी फिरवून पाहिली, तेव्हा आतली आठ काळी पाती एकमेकींवर सरकत मिटली आणि उघडली. ज्या कामासाठी तो घेतला होता ते काम तिथेच झाले होते. पण कॅमेऱ्याच्या कपाळावर कोरलेले नाव मला वाचता येईना, आणि न वाचता आलेली गोष्ट बाजूला ठेवून देणे मला जमत नाही.

नावातले पहिले अक्षर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे होते. त्यानंतर ई, मग एच, मग आरशात पाहिल्यासारखा उलटा एन आणि शेवटी टी. त्यापुढे छोटी रेघ आणि पुन्हा ई. भिंगाभोवतीच्या गोल पट्टीवर तर पहिलेच अक्षर उलट्या एलसारखे होते, पुढे काही ओळखीची, काही अनोळखी अक्षरे आणि शेवटी ४४-२ हा आकडा. मी बराच वेळ हे नाव इंग्रजी समजून वाचण्याचा प्रयत्न करत होते. उलगडा झाला तो कॅमेरा उलटा केल्यावर. तिथे बारीक अक्षरांत एक ओळ होती आणि तिचा शेवट सी-सी-सी-पी असा दिसत होता. ही चार अक्षरे माझ्या वयाच्या माणसांना वेगळी सांगावी लागत नाहीत. १९८४ साली राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हाची रशियन अंतराळवीरांची छायाचित्रे आमच्या घरातल्या जुन्या अंकांमध्ये कितीतरी वर्षे होती, आणि त्यांच्या शिरस्त्राणांवर हीच अक्षरे असत. रशियन लिपीत त्यांचा उच्चार एस-एस-एस-आर असा होतो आणि ती सोव्हिएत संघाची आद्याक्षरे आहेत. मग रशियन वर्णमाला समोर ठेवून एकेक अक्षर लावत गेले. तीनसारखे दिसणारे अक्षर म्हणजे 'झ', एच म्हणजे 'न', उलटा एन म्हणजे 'इ'. कॅमेरा होता झेनिट-ई आणि भिंग होते हेलिओस-४४-२.

नाव कळले की ओळख पटली असे मी समजत होते, पण झेनिट-ई या एका नावाखाली बरेच काही मोडते. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात हा कॅमेरा १९६५ पासून तयार होऊ लागला आणि पुढे बेलारूसमध्येही तयार झाला. एकूण संख्या ८० लाखांच्या वर जाते. झेनिट-ईला उजेड मोजणारा प्रकाशमापक आहे. प्रकाशमापक नसलेला त्याचाच भाऊ वेगळ्या अक्षराने ओळखला जातो. माझ्या कॅमेऱ्यावर लोलकातून वाकून बाहेर पडणाऱ्या किरणाचे छोटे चिन्ह होते. ते क्रास्नोगोर्स्क कारखान्याचे. या कारखान्याच्या कॅमेऱ्यांच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात, आणि माझ्या क्रमांकाची सुरुवात ७६ ने होते. भिंगाच्या क्रमांकाची सुरुवात मात्र ७४ ने. म्हणजे कॅमेरा आणि भिंग यांची गाठ नंतर कुणीतरी घालून दिली असावी, किंवा कारखान्यातच जुने भिंग नव्या अंगाला लागले असावे.

इथे मला एक शंका आली. सुरुवातीच्या काही झेनिट-ई कॅमेऱ्यांवर भिंग बसवायचा आटा ३९ मिलिमीटर व्यासाचा होता, नंतरच्यांवर तो ४२ मिलिमीटरचा झाला, आणि हा ४२चा आटा इतर देशांतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांनाही चालतो. डोळ्यांनी तीन मिलिमीटरचा फरक कळत नाही. सोमवारी शाळेच्या प्रयोगशाळेतले व्हर्नियर कॅलिपर काढले, भिंग फिरवून सोडवले आणि त्याच्या मागच्या आट्याचे माप घेतले. ४१.९ आले. व्हर्नियरचा धडा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे त्याच त्या धातूच्या गोळ्याचा व्यास मोजतो. त्या दिवशी मुलांनी पहिल्यांदाच स्वतःहून माप दुसऱ्यांदा घेऊन पाहिले.

यापुढची ओळख पुस्तकी माहितीने होणारी नव्हती. खडेबाजाराच्या बाजूला एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालक काकांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, आणि आता तिथे पासपोर्टचे फोटो व झेरॉक्स एवढेच काम चालते. मी कॅमेरा काउंटरवर ठेवला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, नाव वाचण्याच्या भानगडीत न पडता खालचा बूड चाचपला आणि म्हणाले, "रशियन. कितीला घेतलासा, बाई?" आकडा ऐकून त्यांनी मान डोलावली, ती पसंतीने की सहानुभूतीने ते मला कळले नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात जपानी कॅमेऱ्यांवर भरमसाट आयातकर असे. सोव्हिएत संघाशी मात्र भारताचा व्यवहार रुपयांत चालत असल्यामुळे रशियन माल त्या मानाने सहज मिळे. परदेशी विकायच्या कॅमेऱ्यांवर नाव रोमन लिपीत कोरलेले असे, हेही त्यांनी सांगितले. त्यांनी हाताळलेल्या सगळ्या झेनिटांवर इंग्रजी अक्षरेच होती. मग माझा हा रशियन लिपीतला कॅमेरा दुकानातून न येता कुणाच्या तरी सामानातून आला असला पाहिजे. काकांचा अंदाज कॅम्पातल्या एखाद्या लष्करी अधिकाऱ्याचा होता, माझा अंदाज तिकडे शिकायला गेलेल्या एखाद्या अभियंत्याचा. पेटीच्या आत नाव नव्हते, त्यामुळे दोघांचेही अंदाज तसेच राहिले.

काकांनी कॅमेरा तपासला तो क्रम मी नंतर वहीत लिहून ठेवला, कारण जुना कॅमेरा पैसे देण्यापूर्वी कसा पाहावा हे मला त्याआधी कळले असते तर सातशेवरच अडून बसले असते. आधी त्यांनी मागचे दार उघडून भिंग काढले आणि दिवे मालवून, मोबाइलची बॅटरी पुढच्या बाजूने धरून शटरच्या, म्हणजे फिल्मपुढच्या पडद्याच्या, काळ्या कापडातून कुठे टाचणीएवढा उजेड येतो का ते पाहिले. या कॅमेऱ्याचे शटर रबर चढवलेल्या कापडाचे असते आणि पडदा उजवीकडून डावीकडे असा आडवा पळतो. जुन्या कापडाला वयोमानाने बारीक भोके पडलेली असू शकतात. कापड शाबूत होते. भिंग मात्र खिडकीकडे धरून तिरके पाहिल्यावर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन बारीक रेषा दिसल्या. ती बुरशी. बेळगावच्या पावसात लाकडी कपाटात ठेवलेल्या भिंगाला ती धरतेच, असे काका म्हणाले, आणि पदराने पुसायचे नाही अशी ताकीद दिली. पात्यांवर तेलाचा ओशटपणाही होता. ज्या कॅमेऱ्यांत पाती स्प्रिंगने क्षणात मिटावी लागतात, त्यांना हा ओशटपणा बाधतो. हेलिओसची पाती आपण हातानेच मिटतो, म्हणून इथे त्याने काही अडत नव्हते.

शटरची गती ऐकून काका "तीस बरोबर, साठ बरोबर" असे सांगत होते, ते मला पटेना. घरी आल्यावर मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे घेणारे संथ चित्रण लावले, मागचे दार उघडे ठेवून कॅमेरा ट्यूबलाइटकडे धरला आणि पडद्याच्या मध्यभागी उजेड किती चित्रांत दिसतो ते मोजले. १/३० सेकंदाला ८ चित्रे यायला हवीत, ८ आली. १/६० ला ४ हवीत, ती आली. १/१२५ ला दोन दिसली. त्यापुढे हे साधन अपुरे पडते. काकांचे कान बरोबर होते.

प्रकाशमापक हा या कॅमेऱ्याचा सर्वांत लोभस भाग आहे. नावाच्या वर, कपाळपट्टीवर मधमाशीच्या पोळ्यासारखी काचेची एक पट्टी दिसते. तिच्यामागे सेलेनियम असते, प्रकाश पडला की त्यात अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि वरच्या खिडकीतला काटा हलतो. बॅटरी लागत नाही. मुलांना हे दाखवले तेव्हा एकाने काचेवर हात ठेवून-काढून काटा नाचवला आणि उरलेला तास त्यातच गेला. काटा नाचतो म्हणजे तो खरे बोलतो असे मात्र नाही, म्हणून मोबाइलच्या मापकाशी तुलना केली. उजेडात तो जवळपास बरोबर होता, सावलीत मात्र एका पायरीने, म्हणजे प्रकाशाच्या दुप्पट-निम्म्याने, चुकत होता.

मापकाच्या चकतीवर फिल्मची संवेदनशीलता लावायची असते, आणि तिथे पुन्हा लिपी आडवी आली. एका खिडकीत १६, ३२, ६५, १३०, २५०, ५०० असे आकडे होते. माझ्या फिल्मच्या खोक्यावर ४०० होते, आणि या मालिकेत ४०० कुठेच बसत नव्हते. हे आकडे गोस्त या सोव्हिएत मानकाचे आहेत. १९८७ नंतर ते बाहेरच्या आकड्यांशी जुळवण्यात आले. त्याआधीचा गोस्तचा आकडा आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा सुमारे एक दशांशाने कमी असे, म्हणजे ४०० च्या फिल्मसाठी ३६० च्या आसपास, २५० आणि ५०० यांच्या मधोमध. दुसऱ्या खिडकीतले आकडे जर्मन डिन पद्धतीचे होते आणि फिल्मच्या खोक्यावरही ४०० च्या शेजारी २७ अंश असे डिनमध्ये छापलेले होते. ते आधीच पाहिले असते तर एक संध्याकाळ वाचली असती.

फिल्म बेळगावात मिळाली नाही. मुंबईहून इल्फर्ड एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा ३६ फोटोंचा एक रोल मागवला, तो हजारापेक्षा थोडा कमी किमतीत पडला, म्हणजे कॅमेऱ्याइतकाच. काका खोके हातात फिरवत म्हणाले, की त्यांच्या काळी उटीच्या सरकारी कारखान्यातला 'इंदू' रोल असे. ४०० ची फिल्म घेण्यामागे माझा विचार असा, की संवेदनशीलता जास्त तर कमी उजेडातही फोटो येतील. हा विचार या कॅमेऱ्यापुरता अर्धवट होता. झेनिटची गती १/३० पासून १/५०० पर्यंतच आहे आणि भिंग एफ/१६ पेक्षा जास्त मिटत नाही (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके भिंगाचे छिद्र लहान). स्वच्छ उन्हात एफ/१६ ठेवून फिल्मच्या आकड्याएवढी गती लावावी, हा सगळ्यांचा जुना हिशेब आहे. म्हणजे ४०० च्या फिल्मला आपल्याकडच्या दुपारी कॅमेरा थेट शेवटच्या टोकाला जाऊन बसतो, हाताशी काही उरतच नाही. पहिला रोल शिकण्यासाठी असेल तर १०० ची फिल्म घ्यावी, असे आता मी कुणालाही सांगेन.

रोल भरणे अवघड नाही. फिल्मचे टोक उजवीकडच्या रिळाच्या खाचेत अडकवायचे, दोन्ही कडांची भोके दातांवर बसलेली पाहायची आणि मगच दार लावायचे. दार लावल्यावर डावीकडचा गुंडाळायचा खुंटा वर करून सैल फिल्म ताणून घ्यायची आणि दांडी ओढताना तो खुंटा आपोआप उलटा फिरतो की नाही ते पाहायचे. फिरला नाही तर आत फिल्म जागची हललेली नाही. काकांच्या एका गिऱ्हाइकाने गोव्याच्या सहलीचे ३६ फोटो असेच न हललेल्या फिल्मवर काढले होते. फोटोंचा आकडा दाखवणारी चकती दर रोलला हाताने शून्यावर आणावी लागते, हेही त्यांनीच दाखवले. दांडी ओढून झाल्यावरच गती बदलायची, ही सवयही त्यांनी सुरुवातीलाच लावली.

यानंतरचे काम मात्र बोटांना शिकवावे लागले. नंतरच्या आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग एरवी पूर्ण उघडे असते आणि फोटोच्या क्षणी आपोआप हवे तेवढे मिटते. हेलिओसवर दोन कड्या आहेत. पुढची कडी टकटक वाजत फिरते. तिच्यावर एफ/११ लावले म्हणजे भिंग मिटत नाही, कुठवर मिटायचे ती हद्द फक्त ठरते. मागची कडी न वाजता फिरते आणि ती एफ/२ पासून त्या हद्दीपर्यंत भिंग मिटते. फोकस करताना भिंग उघडे हवे, नाहीतर आतल्या काचेवर अंधार होऊन काहीच दिसत नाही. माझ्या कॅमेऱ्यातली काच साधी दुधी आहे, फोकस जुळल्याची खूण दाखवणारे तिच्यावर काही नाही. तेव्हा हद्द ठरवा, उघडा, फोकस करा, मिटा, मग खटका दाबा. या पाचांतले चौथे विसरले तर कॅमेरा कुठलीही तक्रार करत नाही. खटका तसाच वाजतो, दांडी तशीच ओढली जाते. फिल्म न भरता मी आठवडाभर स्वयंपाकघरात हा सराव केला. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत डब्यांवर फोकस करायचे, कडी मिटायची आणि खटका दाबायचा.

पहिला रोल तीन ठिकाणी संपला. सुरुवातीचे फोटो अंगणात सासूबाईंचे. मग डिसेंबरातल्या एका रविवारी येळ्ळूरला राजहंसगडावर गेले. भाताची कापणी झाली होती आणि वरून मोकळ्या शिवारात पिंजराच्या गंज्या दिसत होत्या. त्या उन्हात मी पंधरा फोटो काढले आणि आनंदाने खाली उतरले. शेवटचे फोटो बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे. हे जैन मंदिर रट्ट राजांच्या काळातले, इ.स. १२०४ चे, आणि गाभाऱ्यात काळ्या दगडातले नेमिनाथ आहेत. मंडपात फोटो काढण्याची परवानगी विचारून घेतली. आत इतका कमी उजेड होता की एफ/२ आणि १/३० यांच्याशिवाय पर्याय नव्हता. प्रकाशमापक भिंगातून पाहत नाही, समोर जे काही असेल त्याची सरसकट सरासरी घेतो. त्यामुळे बाहेरच्या दाराचा उजेड त्याच्या काचेवर पडला की तो आत भरपूर उजेड असल्याचे सांगे. खांबाजवळ जाऊन, दाराकडे पाठ करून माप घेतले, खांबालाच खांदा टेकवला, श्वास सोडला आणि खटका दाबला. आतला आरसा उसळतो तेव्हा हातोडीचा हलका ठोका बसावा तसे हाताला जाणवते. १/३० ला हात टेकवल्याशिवाय धारदार फोटो मिळण्याची आशा धरू नये.

रोल धुण्यासाठी एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत कुरियरने पाठवला. पंधरा दिवस सांगितले होते, पाच आठवडे लागले, आणि निगेटिव्हवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओरखडा आला होता. फोनवर त्यांनी तो माझ्या कॅमेऱ्यातच पडल्याचे सांगितले. पुढच्या रोलवर तो आला नाही, एवढे इथे नोंदवते.

ओरखड्यापेक्षा जास्त धक्का येळ्ळूरने दिला. निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली तर पंधरापैकी अकरा चौकटी कोळशासारख्या काळ्या होत्या, ट्यूब जेमतेम तांबूस दिसत होती. उरलेल्या चारांत गंज्या स्वच्छ होत्या. त्या अकरा वेळा मी कडी मिटायला विसरले होते. एफ/११ ऐवजी एफ/२ म्हणजे पाच पायऱ्या, आणि दर पायरीला प्रकाश दुप्पट होत असल्याने ३२ पट प्रकाश. ही फिल्म थोडी चूक पोटात घालते, पण ३२ पट नाही. बस्तीतले फोटो मात्र सगळे नीट आले होते, आणि त्यात माझे कौतुक काहीच नव्हते. तिथे भिंग उघडेच ठेवायचे होते, म्हणून विसरभोळेपणा खपून गेला. सासूबाईंच्या फोटोंत तुळशी वृंदावनाच्या एका बाजूला निळी बादली आणि दुसऱ्या बाजूला वाळत घातलेला पायजमा आला होता. फोटो काढताना या दोन्ही गोष्टी मला दिसल्याच नव्हत्या, कारण झेनिटच्या खिडकीतून चौकटीचा सुमारे दोन तृतीयांश भागच दिसतो. चारी बाजूंना आपण न पाहिलेले जग फिल्मवर येते. हे कळल्यापासून मी एक पाऊल पुढे जाऊन फोटो काढते. सासूबाईंनी पायजम्यासकटचा फोटोच मोठा करून मागितला, तो भाग वेगळा.

आणखी एक दोष त्या चार चांगल्या चौकटींतच सापडला. १/५०० ला काढलेल्या दोन फोटोंची एक कड काळवंडलेली होती. शटरचे दोन पडदे असतात, पहिला उघडतो आणि दुसरा मागोमाग येऊन झाकतो. १/५०० ला दोघांमध्ये अगदी अरुंद फट असते. जुने वंगण सुकले की पहिला पडदा रेंगाळतो आणि दुसरा त्याला मध्येच गाठतो. दुरुस्त करणारा जवळपास कुणी नाही आणि स्क्रू खोलण्याचे धाडस मी करणार नाही, म्हणून माझ्या कॅमेऱ्याची गती आता १/२५० लाच संपते. दुसरा रोल १०० चा घेतल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. भर उन्हात एफ/११ आणि १/२५०.

हा दुसरा रोल घरीच धुतला. काकांची डार्करूम केव्हाच झेरॉक्सच्या कागदांनी भरून गेली आहे, पण डेव्हलपरचे, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचे, प्रमाण त्यांना तोंडपाठ आहे: "दोन, शंभर, पाच, दोन." मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि एकूण १ लिटर द्रावण. हेच जगभर डी-७६ म्हणून ओळखले जाते. सल्फाइटची फक्त चिमूट आधी घालायची, मग मेटॉल पूर्ण विरघळवायचे आणि त्यानंतरच उरलेले सल्फाइट, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळायला कुरकुर करते. मी हातमोजे आणले आहेत का, हे त्यांनी दोनदा विचारले आणि मग स्वतःची बोटे पुढे केली. टोकांची कातडी जाड, भेगाळलेली, ठशांच्या रेषा पुसट झालेली. तीस-पस्तीस वर्षे मेटॉलमध्ये उघडे हात घातल्याचा तो परिणाम. आधार कार्डाच्या यंत्रावर ती बोटे उमटेनात म्हणून त्यांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या होत्या.

फिल्म धुण्याच्या बंद टाकीतल्या रिळावर चढवण्याचा सराव पहिल्या रोलच्या काळ्या चौकटींवर केला, आधी उजेडात, मग डोळे मिटून, शेवटी रात्री न्हाणीघरात दिवे बंद करून आणि दाराखाली घोंगडे लावून. द्रावण २० अंशांवर हवे आणि मार्चमध्ये आमच्या नळाचे पाणी २६ वर होते, म्हणून बाटली बर्फाच्या परातीत ठेवली. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी हलवायची, बाकी वेळ घड्याळाकडे पाहत बसायचे. त्यानंतर चित्र पक्के करणारे हायपो, लिटरला पाव किलो, दहा मिनिटे. शेवटचे पाणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचे, म्हणजे सुकल्यावर डाग राहत नाहीत. टाकीचे झाकण उघडून ओली फिल्म ओढली आणि तिच्यावर चित्रे दिसली, तेव्हा मी एकटीच न्हाणीघरात मोठ्याने ओरडले. घरच्यांना वाटले पाल पडली.

या कॅमेऱ्याला पट्टा अडकवायला जागाच नाही. पट्टा चामड्याच्या पेटीला असतो आणि कॅमेरा पेटीत बसतो. माझी पेटी शिवणीत उसवली होती, पट्टा तर हातात घेताच तुटला होता. अथणीकडच्या एका कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडून नवा पट्टा करून घेतला. त्याने सवयीने त्यावर वेणीची नक्षी घातली. डोळ्याजवळच्या धातूच्या कडीने माझ्या चष्म्यावर दोन चरे पडले होते, तिथे नळाचा रबरी वायसर चिकटवला आहे.

जूनपासून कॅमेरा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहील. त्याआधी तिसऱ्या रोलचा एक फोटो काकांचा काढायचा असे ठरवून मे महिन्यात स्टुडिओत गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना "हनुवटी जरा वर" सांगणारा हा माणूस स्वतः कॅमेऱ्यासमोर पार अवघडून गेला. मी त्यांना खिडकीपाशी बसवले, माप घेतले, एफ/४ आणि १/६० लावले, त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पापण्या दुधी काचेवर धारदार दिसेपर्यंत फोकस फिरवला आणि खटक्यावर बोट नेले. ते ओठ न हलवता म्हणाले, "रिंग बंद केलासा काय, बाई?"

मी केली नव्हती.